महिला आरोपी आणि सायकोपॅथीची तपासणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी नाशिकमध्ये चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करते. वकिलांच्या विनंतीवरून किंवा कोर्टाच्या आदेशावरून आरोपींची आणि शिक्षा झालेल्यांची मानसशास्त्रीय तपासणी करणं हा माझ्या कामाचा एक भाग. त्यात बायका थोड्या असतात. देशभरातल्या तुरुंगांत बायकांचं प्रमाण जेमतेम ४ टक्क्यांच्या आसपास आहे. तरीही सर्वात जास्त प्रश्न त्यांच्याबद्दलच येतात. वकील विचारतात, नातेवाईक विचारतात, विद्यार्थी विचारतात, आणि एखादं प्रकरण पेपरात गाजलं की शेजारपाजारचेही विचारतात. तेच प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उदाहरणांतले तपशील बदललेले आहेत, त्यामुळे त्यातून कुणाला ओळखता येणार नाही.

‘सायको’ आणि ‘सायकोपॅथ’ एकच ना?

नाही. बोलताना आपण ‘सायको’ हा शब्द तऱ्हेवाईक, वेडसर, खुनशी अशा कुणालाही लावतो. त्यात दोन अगदी वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. सायकोसिसमध्ये माणसाला भास होतात, नसलेले आवाज ऐकू येतात, कुणीतरी आपल्या वाईटावर आहे अशी पक्की खात्री वाटते. सायकोपॅथीत असं काही नसतं. अशा व्यक्तीला समोरचं जग स्वच्छ दिसत असतं. उणीव असते ती दुसऱ्याच्या दुःखाचा चटका बसण्यात. गोड बोलून काम साधणं, सराईत खोटेपणा, स्वतःला फार मोठं समजणं, अपराधीपणाचा अभाव, उथळ भावना ही तिची एक बाजू. उतावळेपणा, बेजबाबदारपणा, नियमांना जुमानायचं नाही ही लहानपणापासूनची वृत्ती ही दुसरी. दोन्ही बाजू एकत्र आणि आयुष्यभर दिसल्या, तरच या शब्दाचा विचार करायचा. एका गुन्ह्यावरून, तो कितीही भयंकर असला तरी, सायकोपॅथी ठरत नाही.

हा आजार आहे का? डॉक्टरांच्या यादीत तो आहे का?

‘सायकोपॅथी’ या नावाचं स्वतंत्र निदान तिथे नाही. अमेरिकन मनोविकार संघटनेच्या २०१३ च्या डीएसएम-५ मध्ये ‘समाजविरोधी व्यक्तिमत्त्व विकार’ आहे. त्यासाठी वय १८ पूर्ण हवं आणि वर्तनदोषाची सुरुवात १५ वर्षांच्या आत झालेली हवी. हा विकार आणि सायकोपॅथी यांची सरमिसळ कोर्टाच्या कागदांत मला सारखी दिसते. पहिल्याचा भर वागण्यावर आहे, त्यामुळे तुरुंगातल्या पुष्कळ माणसांना तो लागू पडतो. सायकोपॅथी त्या मानाने खूप कमी जणांत आढळते, कारण तिथे भावनांचं कोरडेपणही दिसावं लागतं.

बायकांमध्ये ती असते का? की हा पुरुषांचाच प्रकार?

असते. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ हर्वी क्लेक्ली यांनी १९४१ मध्ये सायकोपॅथीचं पहिलं सविस्तर वर्णन केलं. त्यांनी मांडलेल्या रुग्णांत बायकाही होत्या. पुढची अनेक दशकं मात्र संशोधन झालं ते जवळजवळ फक्त पुरुष कैद्यांवर, कारण तुरुंगात तेच होते.

प्रमाण कमी आहे, हे मोठ्या अभ्यासांतून दिसतं. इंग्लंड आणि वेल्समधल्या कैद्यांचा २००९ चा अभ्यास घ्या. पुढे सांगितलेल्या ४० गुणांच्या सूचीवर ३० गुणांची कडक सीमा लावल्यावर पुरुषांत ७.७ टक्के आणि बायकांत १.९ टक्के जण तिच्या वर होते. अमेरिकेतल्या काही तुरुंगांत बायकांचे आकडे याहून बरेच जास्त आले. या फरकातला किती वाटा खरा आणि किती मोजपट्टीचा, हा या विषयातला मोठा वाद आहे.

मोजपट्टी म्हणजे नेमकं काय? तपासणी कशी होते?

जगभर सर्वात जास्त वापरली जाते ती कॅनडातले मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट हेअर यांची सूची, पीसीएल-आर. तिची सुधारित आवृत्ती १९९१ मध्ये आली आणि दुसरी २००३ मध्ये. तिच्यात २० मुद्दे आहेत. प्रत्येकाला ०, १ किंवा २ गुण द्यायचे, म्हणजे एकूण ४०. उत्तर अमेरिकेत ३० ही रेघ धरतात, युरोपात काही ठिकाणी २५ धरतात. नुसत्या या फरकावरूनही लक्षात येईल की ही रेघ माणसांनी सोयीसाठी ओढलेली आहे.

ही प्रश्नावली नाही. त्या बाईच्या हातात कागद देऊन ‘खुणा कर’ असं सांगायचं नसतं. दीड-दोन तासांची मुलाखत घ्यायची, तीही शक्यतो एकाहून जास्त भेटींत. शाळा, माहेर, सासर, काम, पैसा, मुलंबाळं, मैत्री, भांडणं, गुन्हे, सगळं विचारायचं. मग कागद वाचायचे आणि ती सांगते त्याच्याशी ताडून बघायचे. आधाराचे कागद नसतील तर केवळ मुलाखतीवर गुण देऊ नयेत. सराईत खोटेपणा हाच ज्या सूचीतला एक मुद्दा आहे, तिथे फक्त तिच्या शब्दावर भिस्त ठेवणं चुकीचं, आणि फक्त पोलिसांच्या शब्दावर ठेवणं तितकंच चुकीचं.

हे दुसरं मी जोर देऊन सांगते, कारण आपल्याकडच्या तुरुंगांतले सुमारे तीन चतुर्थांश लोक कच्चे कैदी आहेत. त्यांच्यावरचा आरोप अजून सिद्ध व्हायचा आहे. फाइलमध्ये जाडजूड असतं ते दोषारोपपत्र, आणि ती एका बाजूची मांडणी असते. त्यातलं प्रत्येक वाक्य खरं धरून गुण दिले, तर तपासणी हा खटल्याआधीच लागलेला निकाल होऊन बसतो.

आणखी एक. या सूचीतली मापनाची चूक साधारण ३ गुणांची असते. एकीला २८ आणि दुसरीला ३१ मिळाले, तर त्यांच्यात फरक असेलच असं छातीठोक सांगता येत नाही. रिपोर्टमध्ये नुसता ‘३१, सायकोपॅथ’ असा शेरा असेल तर तो रिपोर्ट अपुरा आहे.

बायकांच्या बाबतीत ही सूची कुठे चुकते?

हा माझ्या सर्वात जिव्हाळ्याचा प्रश्न आहे, म्हणून थोडं सविस्तर.

सूचीत ‘परोपजीवी जीवनशैली’ असा मुद्दा आहे, म्हणजे कष्ट न करता दुसऱ्याच्या जिवावर जगणं. निफाडच्या एखाद्या घरातली सून दिवसभर द्राक्षबागेत राबते, पण तिच्या नावावर एक पैसा नसतो. कागदावर ती ‘नवऱ्यावर अवलंबून’ असते. हिला या मुद्द्यावर गुण दिले तर आपण तिच्या वृत्तीऐवजी आपली घरव्यवस्था मोजली.

दुसरा मुद्दा लैंगिक स्वैराचाराचा. बाईच्या बाबतीत तपासणाऱ्याची स्वतःची नैतिकता इथे चटकन आत शिरते. पुरुषाच्या फाइलमध्ये जे ‘लफडं’ म्हणून सुटतं, तेच बाईच्या फाइलमध्ये ‘चारित्र्य’ होतं. शिवाय ज्या बाईला पंधराव्या वर्षी देहविक्रयात ढकललं गेलं, तिच्या बाबतीत स्वैर निवड होतीच कुठे?

अल्पकाळ टिकलेली अनेक लग्नं किंवा नाती, हा तिसरा. सतराव्या वर्षी लावलेलं लग्न मोडलं, मग रीतीप्रमाणे पाट लावला, तो नवरा दारूने गेला, मग एका माणसाबरोबर राहिली. मोजणाऱ्याला तीन नाती दिसतात. तिला विचारलं तर त्यातलं एकही तिने ठरवलेलं नसतं.

जामिनाच्या अटी मोडल्या का, यालाही गुण आहेत. सुरगाणा किंवा पेठहून तारखेला यायचं तर पहाटेची एसटी, तिकिटाचे पैसे आणि अंगावरचं मूल सांभाळायला कुणीतरी हवं. तारीख चुकली की वॉरंट निघतं, आणि फाइलमध्ये मात्र ‘गैरहजर’ एवढंच उरतं. म्हणून का गैरहजर राहिली हे विचारल्याशिवाय मी तिथे गुण देत नाही.

सूचीतल्या बालपणाच्या मुद्द्यांवर मात्र उलटी चूक होते. १२ वर्षांच्या आतला वर्तनदोष आणि अल्पवयातली गुन्हेगारी मोजताना मुलींचे गुण कमी येतात. मुली सालस असतात म्हणून येतात असं नाही. मुलगा दगड मारतो, मारामारी करतो, तक्रार शाळेपर्यंत येते. मुलीची क्रूरता बऱ्याचदा बोलण्यातून, कुणाला वाळीत टाकण्यातून, धाकट्या भावंडांशी किंवा घरकाम करणाऱ्या पोरीशी वागण्यातून दिसते, आणि घरचे ती उंबऱ्याच्या आत ठेवतात. तोवर तिचं लग्नही होऊन जातं. नोंद कुठेच राहत नाही.

प्रयोगशाळेतही फरक दिसला आहे. शिक्षा होते हे दिसत असूनही चुकीचं बटण दाबायचं थांबत नाहीत, अशी एक उणीव जास्त गुण असलेल्या पुरुष कैद्यांत वारंवार आढळली होती. तोच प्रयोग अमेरिकेत महिला कैद्यांवर केला तेव्हा ती उणीव तशी आढळली नाही. म्हणजे गुण सारखे आले तरी आत चाललंय ते सारखंच असेल, असं गृहीत धरता येत नाही.

मग बायकांमधली सायकोपॅथी दिसते कशी?

उघड मारहाणीपेक्षा नात्यांचा वापर करून घेणं जास्त दिसतं. स्वतःला बिचारी म्हणून मांडणं, एकाला दुसऱ्याविरुद्ध फितवणं, जवळच्या माणसाचा विश्वास संपादून त्यालाच लुबाडणं. पुरुषांत जी बढाई उघड दिसते, ती इथे असहायपणाच्या पदराआड राहते.

एका बाईची तपासणी मला कायमची शिकवून गेली. भिशीच्या पैशांची फसवणूक होती. ती बोलायची इतकं मायेने, रडायची इतकी आतून, की तिला भेटलेला प्रत्येक जण तिच्या बाजूने बोलू लागायचा. पहिल्या भेटीनंतर मीही हळहळले होते. मग कागद आले. चार गावं, चार वेगळी आडनावं, आणि प्रत्येक ठिकाणी तीच कहाणी, तेच मेलेलं मूल, तेच अश्रू. पैसे गेले होते ते एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या बायकांचे. त्यांच्याबद्दल विचारलं तेव्हा ती म्हणाली, ‘त्यांना काय करायचे होते पैसे?’ ते म्हणताना तिच्या आवाजात राग नव्हता, संकोचही नव्हता. ‘बाई आहे, आई आहे, ही असं करणार नाही’ या समजापायी अशी माणसं सुटतात, आणि त्यांनी लुबाडलेल्या बायकांवर कुणी विश्वास ठेवत नाही.

कोर्टात ती रडली नाही. डोळ्यांत टिपूस नव्हतं. हे लक्षण नाही का?

नाही. हा प्रश्न मला पुरुष आरोपीबद्दल आजवर कुणी विचारलेला नाही.

न रडण्याची कारणं अनेक असतात. वर्षानुवर्षं मार खाल्लेली बाई भीतीच्या क्षणी दगडासारखी होते, कारण तेच तिला जगवत आलेलं असतं. नैराश्यात चेहरा सपाट होतो. मनोविकाराच्या काही औषधांनीही होतो. परक्या पुरुषांनी भरलेल्या खोलीत, न कळणाऱ्या भाषेत, आपल्याबद्दल काय चाललंय हे न समजता उभं राहिल्यावरही होतो.

माझीही एकदा चूक झाली होती. कामाच्या सुरुवातीच्या वर्षांत बागलाणकडच्या एका बाईला मी पश्चात्तापाच्या मुद्द्यावर पूर्ण २ गुण दिले, म्हणजे पश्चात्ताप अजिबात नाही. ती एवढंच म्हणत होती, ‘व्हायचं ते झालं.’ दुसऱ्या भेटीला अहिराणी बोलणारी एक सहकारी बरोबर आली. आपल्या बोलीत बोलायला मिळाल्यावर त्या बाईने सांगितलं की ते घडलं त्या दिवसापासून दर अमावास्येला तिच्या घशाखाली घास उतरत नाही. बराकीतल्या बायकांनाही हे माहीत होतं. मी विचारलं नव्हतं, आणि विचारलं असतं तरी माझ्या पुस्तकी मराठीत विचारलं असतं. मी गुण बदलले. ‘तुम्हाला पश्चात्ताप होतो का?’ हा प्रश्न मी तेव्हापासून विचारत नाही. हा शब्द आपल्या बायका वापरतच नाहीत. ‘जिवाला लागलं’, ‘माझ्या हातून झालं’, ‘भोग आहेत माझे’, असं म्हणतात. त्यातलं ‘भोग आहेत’ हे जबाबदारी टाळणं आहे की दुःख सांगायची रीत, हे पुढचे दहा प्रश्न विचारल्यावरच कळतं.

कशाकशाशी गल्लत होऊ शकते?

सर्वात जास्त सीमावर्ती व्यक्तिमत्त्व विकाराशी. त्यात भावना कमी नसतात, उलट आवरत नाहीत. नाती तुटतात, राग उसळतो, स्वतःला इजा करून घेतली जाते. बाहेरून हेही उतावळं आणि स्वार्थी वागणं दिसतं. काही स्त्रियांमध्ये दोन्हींचे अंश एकत्र असतात, आणि काही संशोधकांच्या मते सायकोपॅथीचा एक प्रकार बायकांमध्ये याच रूपाने व्यक्त होतो. त्याखालोखाल आघातोत्तर ताण, उन्माद, नशा, डोक्याला झालेली जुनी इजा, सौम्य बौद्धिक अक्षमता. बाळंतपणानंतर काही आठवड्यांत घडलेलं काही असेल तर बाळंतपणातला सायकोसिस आधी तपासायचा, बाकी सगळं नंतर.

इंटरनेटवरची टेस्ट चालेल का?

कोर्टासाठी नाही. संशोधनात वापरल्या जाणाऱ्या चांगल्या स्व-निवेदन प्रश्नावल्या आहेत, उदाहरणार्थ लेव्हनसन यांची २६ विधानांची किंवा पॅट्रिक यांची ५८ विधानांची. त्या शंभर जणांच्या अभ्यासासाठी ठीक आहेत. एका बाईचं आयुष्य ठरवण्यासाठी त्या बनवलेल्या नाहीत.

तपासणीला ती नाही म्हणू शकते का? आणि जे सांगेल ते पोलिसांना कळतं का?

नाही म्हणू शकते. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात नार्को, पॉलिग्राफ आणि मेंदूच्या लहरींची चाचणी सक्तीने करता येणार नाही, असा निकाल दिला. हा विषय आपल्यापासून फार दूरचा नाही. त्याच्या दोनच वर्षं आधी पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका तरुणीला दोषी ठरवताना मेंदूच्या लहरींच्या चाचणीचा आधार घेतला होता. माझी तपासणी त्या प्रकारची नाही. तिने खरं-खोटं कळत नाही आणि गुन्हा कुणी केला हेही कळत नाही. तरीही संमतीचं तत्त्व मी तेच पाळते. संमती वाचून दाखवते, तिच्या बोलीत समजावते, आणि ती नको म्हणाली तर तेवढंच लिहून परत येते. नकाराला ‘असहकार’ म्हणून गुण देणं अन्याय आहे.

गुप्ततेबद्दल मात्र मी तिला सुरुवातीलाच सगळं सांगते. वकील आणि अशील यांच्यातल्या बोलण्याला कायद्याचं जे संरक्षण आहे, ते माझ्याशी झालेल्या बोलण्याला नाही. कोर्टाने आदेश दिला तर माझे कागद द्यावे लागतात. म्हणून खटला चालू असताना ‘त्या दिवशी काय झालं’ हे मी तिच्या वकिलाशी बोलल्याशिवाय विचारत नाही. मुलाखतीच्या वेळी पोलीस किंवा तुरुंगाचे कर्मचारी ऐकू येईल इतक्या अंतरावर नकोत, ही माझी अट असते.

सायकोपॅथी सिद्ध झाली तर ‘वेडाचा’ बचाव मिळतो का?

नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम २२ मध्ये, म्हणजे जुन्या दंड संहितेच्या कलम ८४ मध्ये, कसोटी वेगळी आहे. कृत्य करताना मनोविकृतीमुळे आपण काय करतोय हे, किंवा ते चूक अथवा बेकायदा आहे हे, कळण्याची क्षमता नव्हती का? सायकोपॅथीत ते कळत असतं. वैद्यकीय वेड आणि कायद्यातलं वेड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे सर्वोच्च न्यायालयाने २००८ च्या हरीसिंग गोंड खटल्यातही स्पष्ट केलं आहे. त्यामुळे बचाव पक्षाला या शब्दाचा फायदा जवळजवळ नसतो, धोका मात्र मोठा असतो.

धोका कसला?

हा शब्द एकदा फाइलमध्ये गेला की निघत नाही. जामीन, पॅरोल, मुलांची भेट, जिथे जिथे फाइल उघडेल तिथे तो आधी वाचला जातो.

त्यातला मोठा धोका शिक्षेच्या टप्प्यावर. १९८० च्या बचनसिंग निकालापासून फाशीचा विचार करताना आरोपी पुढेही समाजाला धोका ठरेल का आणि सुधारण्याची शक्यता आहे का, हे पाहावं लागतं. २०२२ च्या मनोज विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या निकालात सर्वोच्च न्यायालयाने आरोपीचं मानसशास्त्रीय मूल्यमापन कोर्टापुढे आणायला सांगितलं. मला हा निकाल मोलाचा वाटतो, कारण त्यामुळे माणसाचं आधीचं आयुष्य कोर्टापुढे येतं. पण याच वाटेने सायकोपॅथीचा आकडाही आत येऊ शकतो. फाशीच्या खटल्यात पीसीएल-आरच्या गुणांवरून ‘ही व्यक्ती तुरुंगात गंभीर हिंसा करेल’ असं भाकीत करता येत नाही, असं जाहीर निवेदन २०२० मध्ये अमेरिकेतल्या या विषयाच्या तज्ज्ञांच्या एका गटानेच काढलं. बायकांच्या बाबतीत पुन्हा गुन्हा करण्याचं भाकीत तर आणखी डळमळीत आहे.

दोन तज्ज्ञांनी एकाच बाईला वेगवेगळे गुण दिले. कोण खोटं बोलतंय?

बहुधा कुणीच नाही. अमेरिकेत २०१३ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध झाला. शंभराहून अधिक न्यायवैद्यक तज्ज्ञांना त्याच त्याच फाइली दिल्या. काहींना सांगितलं की तुम्ही सरकार पक्षासाठी काम करताय, काहींना सांगितलं बचाव पक्षासाठी. सरकारी बाजूच्या समजल्या गेलेल्यांनी सरासरीने जास्त गुण दिले. फाइली तर त्याच होत्या. पैसे कोण देतंय याची ओढ आपल्यालाही लागते, हे मी मान्य करते. म्हणून मी कोणाच्या सांगण्यावरून तपासणी केली हे रिपोर्टच्या पहिल्याच परिच्छेदात लिहिते.

वकिलांनी उलटतपासणीत एवढं तरी विचारावं: गुण देण्याचं प्रशिक्षण कुठे घेतलं, कोणते कागद पाहिले, मुलाखत कोणत्या भाषेत झाली, दुभाषी कोण होतं, तुलना कोणत्या गटाशी केली. सूचीचे मूळ मापदंड उत्तर अमेरिकेतल्या कैद्यांवरून आले आहेत. मालेगावची यंत्रमागावर काम केलेली बाई आणि टेक्सासमधली कैदी यांना एका तक्त्यात बसवताना तज्ज्ञाने काय काळजी घेतली, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

गावित बहिणी सायकोपॅथ होत्या का?

हा प्रश्न येतोच. १९९६ मध्ये उघडकीला आलेलं मुलांच्या अपहरणांचं आणि हत्यांचं ते प्रकरण महाराष्ट्र विसरलेला नाही. २००१ मध्ये कोल्हापूरच्या सत्र न्यायालयाने त्यांना फाशी सुनावली, २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली, आणि दयेच्या अर्जावरच्या दीर्घ विलंबामुळे जानेवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती जन्मठेपेत बदलली. जी मुलं गेली त्यांच्या घरच्यांचं दुःख कोणत्याही शब्दाने भरून येणार नाही.

मी त्यांना तपासलेलं नाही, त्यामुळे उत्तर देणार नाही. टीव्हीवर बसून अशी निदानं करणारे जे तज्ज्ञ आहेत त्यांना माझी हात जोडून विनंती आहे की हे करू नका. तुम्ही एका नावाला लावलेला शब्द दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच कुणाच्या तरी बायकोला, सुनेला लावला जातो.

तिची लहान मुलं आहेत. ती त्यांना इजा करेल का? भेट बंद करावी का?

गुणांवरून हे ठरवू नका. सहा वर्षांपर्यंतचं मूल आईबरोबर तुरुंगात राहू शकतं, आणि ते राहावं की नाही याचा विचार मुलाच्या बाजूनेच करायचा असतो. मूल तिच्याजवळ गेल्यावर कसं असतं, ती त्याच्या रडण्याला कशी सामोरी जाते, आधी कधी इजा केली आहे का, हे पाहायला लागतं. कोरड्या स्वभावाच्या आया असतात, त्यांच्या मुलांना दुसऱ्या एका मायेच्या माणसाची गरज असते, आजी किंवा मावशी. बहुतेक वेळा उपाय तिथे सापडतो.

आमची मुलगी १५ वर्षांची आहे. चोरी करते, खोटं बोलते. तिची ही टेस्ट करायची का?

या शब्दासाठी नको. बालरोगतज्ज्ञ, मानसोपचारतज्ज्ञ किंवा समुपदेशक यांना दाखवा. तिच्याशी घरात किंवा बाहेर कुणी गैरवागणूक करतंय का, हे सर्वात आधी बघा. लगेच कुणाशी बोलायचं असेल तर टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे.

यावर उपचार आहे का?

‘काही उपयोग नाही’ हा समज मुख्यतः कॅनडातल्या ओंटारिओच्या एका जुन्या उपचार-कार्यक्रमावरून पसरला. १९९२ मध्ये त्याचा पाठपुरावा प्रसिद्ध झाला तेव्हा सायकोपॅथी जास्त असलेल्यांनी उपचारानंतर उलट जास्त हिंसा केली, असं दिसलं. पण तो कार्यक्रम आजच्या नजरेने भीषण होता, आणि तिथले सगळे पुरुष होते. पुढे अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये अतिशय अवघड किशोरवयीन मुलांवर सातत्याने आणि चांगल्या वागण्याला बक्षीस देत काम केलं, तेव्हा हिंसा कमी झाली. तिथेही मुलगेच. बायकांसाठी मी जे सांगू शकते ते असं: सीमावर्ती विकाराचा भाग असेल तर मार्शा लिनहान यांची द्वंद्वात्मक वर्तन-उपचारपद्धती स्वतःला इजा करणं कमी करते. नशा असेल तर तिचे उपचार आहेत. आघाताचे आहेत. भावनांचं कोरडेपण बदलत नसलं तरी वागणं बदलू शकतं, आणि तिच्या आसपास राहणाऱ्यांसाठी ते पुरेसं मोठं असतं.

नाशिकमध्ये कुणाकडे जायचं?

तपासणी करणारी व्यक्ती मानसोपचारतज्ज्ञ किंवा भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी झालेली चिकित्सा मानसशास्त्रज्ञ असावी. नोंदणी क्रमांक मागा, त्यात अपमान नाही. आजाराची शंका असेल तर त्र्यंबक रोडवरच्या सिव्हिलपासून सुरुवात करा. दिंडोरी रोडच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत ही तपासणी होते असं पुष्कळांना वाटतं. रक्त, विष, डीएनए हे त्यांचं काम. वकील नसेल तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. विधी सेवा कायद्याखाली कोणत्याही स्त्रीला मोफत वकील मिळतो, तिला उत्पन्नाची अट नाही. हे माहीत नसल्यामुळे दागिने विकलेल्या आया मी पाहिल्या आहेत.

मी तिची आई आहे. तुम्हाला भेटायला येताना काय आणू?

शाळेचा दाखला, मिळाला तर. जुने केसपेपर, कुठल्याही दवाखान्याचे, अगदी गावच्या आरोग्य केंद्राचेही. बाळंतपणाचे कागद. डोक्याला कधी मार लागला होता का, फिट यायची का, हे आठवून ठेवा. नवऱ्याविरुद्ध कधी पोलिसांत तक्रार दिली असेल आणि मागे घेतली असेल, तरी सांगा.

तिच्याबद्दल चांगलंच बोलायला हवं असं नाही. लहानपणी ती कुणाला त्रास द्यायची का, मांजर-कुत्र्याशी कशी वागायची, खोटं पकडलं गेल्यावर काय करायची, हे जसं असेल तसं सांगा. तुम्ही वाईट सांगितलंत म्हणून तिला शिक्षा वाढणार नाही, आणि चांगलंच सांगितलंत तर मला अर्धंच कळेल. एकट्या येऊ नका, धाकट्या बहिणीला किंवा जाऊबाईंना बरोबर आणा. दोघींना मी वेगवेगळं भेटेन. वेळ लागेल, तेव्हा परतीची शेवटची गाडी किती वाजता आहे ते आधी विचारून या.